पहिला नंबर कुठे येतो

आमदार विश्वंभरराव कडूसकरांना स्पोर्ट्‌स कार घ्यायची होती, पण कुठली ते ठरेना. लाल गाडी शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेली, निळी रोज फिरवण्याजोगी. गाड्या विकणाऱ्या देवयानी चिरमुले दोन्ही घेऊन ट्रॅकवर आल्या. आमदार आले ते पत्नी आणि चार कार्यकर्त्यांसह.

“इथं सराव करणाऱ्या पोरांना जिच्यात मागं टाकीन, ती घेणार,” त्यांनी जाहीर केलं.

लाल गाडीत ते शेवटचे आले. निळीतही शेवटचेच.

हेल्मेट आपटून ते गरजले, “मतदारसंघात मला आजवर एकानंही ओव्हरटेक केलेलं नाही! बोला बाई, दोष गाडीचा की माझा?”

कार्यकर्त्यांनी माना खाली घातल्या. देवयानीबाईंनी मनात हिशेब मांडला. गाडीचा म्हणावं तर विक्री बुडणार, आमदारांचा म्हणावं तर नोकरीच जाणार.

“दोष ट्रॅकचा आहे, साहेब,” त्या अदबीनं म्हणाल्या. “इथं सायरन ऐकून कुणी बाजूला होत नाही. तुमचा पहिला नंबर रोजच्या रस्त्यावरच येतो. तेव्हा गाडीही रोजचीच घ्या.”

आधी फिस्सकन हसल्या त्या आमदारांच्या पत्नी, सुमनताई. मग कार्यकर्ते खोकू लागले. शेवटी विश्वंभररावांनाही हसू आवरेना.

निळी गाडी ठरली. किल्ली मात्र सुमनताईंनी उचलली.

“अहो, तुम्ही शेजारी बसा,” त्या म्हणाल्या. “घरी पोचेपर्यंत चार जण तरी आपल्या पुढे जाऊ देत. सवय करून घ्या.”