निरोप्यांची शाळा

मुलांनो, दूरच्या माणसाला निरोप पोचवायचा तर काय काय लागतं, सांगा बरं?

फार पूर्वी, टपाल नव्हतं तेव्हा, एका डोंगरावर निरोप्यांची शाळा होती. निरोप तोंडपाठ करायचा आणि पायी जाऊन पोचवायचा, हे तिथे मुलं-मुली शिकत. रोज सकाळी पहिला तास टेकडी पळत चढण्या-उतरण्याचा असे.

मग शाळेला नवे गुरुजी आले. माणूस तळमळीचा. पण एवढा वेळ पळण्यात घालवणं त्यांना पटेना. पळायला काय, शेळ्याही पळतात, असं म्हणून त्यांनी तो तासही पाठांतराला दिला. मुलं कुरकुरली, पण बसली. दोन वर्षांत त्यांचं पाठांतर ऐकून पाहुणे थक्क होऊ लागले. केशर नावाची मुलगी तर लांबलचक निरोप एकदाच ऐकून जसाच्या तसा म्हणून दाखवी.

एका दुपारी तळ्याचा राखणदार लंगडत शाळेत आला. बांधाला भेग पडली होती. खिंडीपलीकडे ओढ्याकाठी कुंभारांची वस्ती होती. वेळेवर निरोप गेला, तर माणसं, गाढवं, भाजायला रचलेली मडकी, सगळं माळावर नेता आलं असतं. गुरुजींनी केशरला पाठवलं.

पहिल्या चढालाच तिच्या पोटात कळ आली. दुसऱ्या चढाला पाय लटपटले. ती बसली, उठली, पुन्हा बसली. पण मागे फिरली नाही. खिंडीचा शेवटचा उतार तर ती रांगतच उतरली.

वस्तीत पोचली तेव्हा तिला शब्द न् शब्द आठवत होता, पण बोलायला दम उरला नव्हता. कुणाच्या लग्नाचं आवतण आणलंस गं, म्हणून एका कुंभाराने थट्टाही केली. तिचा श्वास जागेवर येऊन निरोप बाहेर पडेपर्यंत ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं. माणसं आणि गाढवं तेवढी माळावर चढली. साऱ्या हंगामाची मडकी आणि चाकं पाण्याने नेली.

संध्याकाळी गुरुजी तिथे आले. आता रागावतील, म्हणून केशरने मान खाली घातली. पण एक म्हातारी कुंभारीण गुरुजींसमोर उभी राहिली.

"पोरीला निरोप पाठ होता, गुरुजी. तो आणायला दम लागतो. तो का नाही दिलात तिला?"

गुरुजी केशरजवळ खाली बसले.

केशरने मान वर केली. "गुरुजी, उद्यापासून मला आधी पळू द्या. पाठांतर मी मागून करीन."

तात्पर्य काय, तर विद्या डोक्यात राहते, पण तिला वाहून नेतं ते शरीर; त्याचा तास दुसऱ्या कशालाही देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा टेकडीच्या पायथ्याशी भरली. केशरचे पाय दुखत होते, तरी ती पळाली. आणि सगळ्यांच्या मागून, धोतर खोचून, गुरुजीही पळाले.