पंचनामा होईपर्यंत

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात टोपल्या विणणारं एक जोडपं राहत होतं. नवरा दम्याने थकलेला, बायको मात्र हाताची चपळ.

ऐन थंडीत वादळ झालं. त्यांच्या घराचं छप्पर उडालं, एक भिंतही पडली. राजाला गावोगावच्या लोकांचा कळवळा आला. त्याने दवंडी पिटवली, की ज्याचं घर पडलं त्याला सरकारातून पक्कं घर बांधून मिळेल. राजा खरंच चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

बायकोने लगेच बांबू फोडायला घेतले. दोन दिवसांत तट्ट्या विणून आडोसा उभा राहिला असता. तेवढ्यात गावचा कारभारी आला.

"बाई, काडी हलवू नका. पंचनामा व्हायचाय. घर सावरलेलं दिसलं, तर नुकसान झालं हे कोण मानेल?"

"पंचनामा कधी व्हायचा?"

"अंमलदार निघालेत. येतीलच आज-उद्या."

शेजारीण म्हणाली, "अगं, आधी आडोसा कर. भाऊजींची छाती बघ कशी वाजतेय."

पण नवराच म्हणाला, "थांब गं. जन्म तट्ट्यांच्या घरात गेला. तुला तरी पक्कं घर मिळू दे. दोन दिवसांनी काय होतंय?"

तिने कोयता खाली ठेवला. तिथेच चुकलं, पण तिला तरी कसा दोष द्यावा?

दोनाचे बारा दिवस झाले. अंमलदार कामात चोख होता, वाटेतलं एकही घर सोडत नव्हता. इकडे उघड्या घरात थंडी शिरत राहिली. तेराव्या दिवशी नवरा गेला.

अंमलदार आला तेव्हा घरात सुतक होतं. त्याने चारी बाजूंनी फिरून पडझड पाहिली आणि तो मनापासून म्हणाला, "बाई, तुम्ही काही हलवलं नाहीत, फार बरं केलंत. तुमचं घर नक्की मंजूर होईल."

"आता कोणासाठी, सरकार?" ती म्हणाली.

नोंद करून अंमलदार पुढच्या गावाला गेला आणि बाई माहेरी निघून गेली.

चार महिन्यांनी सरकारी गवंडी विटा घेऊन आले. पडक्या घरात कोणीच नव्हतं. त्यांनी दरबारात कळवलं, की या गावात गरजू सापडला नाही. ते ऐकून राजाला फार समाधान वाटलं.

तात्पर्य एवढंच: मदत हवी असेल तर आधी हाल तसेच ठेवा, असं गरजवंताला कधी सांगू नये. हाल तसेच राहतात, माणूस राहत नाही.