काळ्या दगडावरचा हात

दगडफुलांचं, अवजारांचं बोलणं माणसांना ऐकू यायचं, तेव्हाची ही गोष्ट. गुणाजी माळ्याच्या बागेत एक मोठा काळा दगड होता. त्यावर राखाडी, पोपटी दगडफूल पसरलं होतं. बागेत लग्न ठरलं, म्हणून गुणाजी दगड घासून त्याला चुना-गेरू लावायला निघाला.

तारेचा ब्रश फिरू लागला, तसा दगडफुलाचा बारीक आवाज आला, "गुणाजी, थांब. तुझा बाप इथं बसलाय."

"बाप जाऊन तीस वर्षं झाली! दगडाची खरूज तू, आणि वर तोंड चालवतंस?" गुणाजीने आणखी जोराने घासलं.

अर्धा दगड लख्ख झाला, आणि ब्रशच थबकला. "मालक, हे बघा," तो म्हणाला.

उरलेल्या दगडफुलात एका पंजाच्या आकाराची जागा कोरी होती. करंगळी वाकडी, बापाची होती तशीच. बाप रोज संध्याकाळी इथेच दोन्ही हात टेकून बसायचा.

"आम्ही सगळीकडे वाढलो," दगडफूल म्हणालं, "फक्त त्याची जागा सोडली."

गुणाजीने पंजावर पंजा ठेवला. सावलीतला तो दगड तेवढ्याच जागी उबदार होता.

"आणि दुसरा हात?" त्याने हळूच विचारलं.

"तो तू आत्ताच घासून काढलास."