एकशेचाळिसावी गाडी

डोंगराळ मुलखातल्या एका गावात मालवाहू पिकअप बनवणारी एक बाई राहत होती. नाव वत्सलाबाई. तिच्या कारखान्यातल्या गाड्या दोन-दोन टन ओझं घेऊन घाट चढायच्या, म्हणून लांबलांबचे लोक तिच्याकडेच येत.

एके दिवशी एक म्हातारा मिस्त्री मोडका लोखंडी दांडा घेऊन आला. स्टिअरिंगला पुढच्या चाकांशी जोडणारा तो दांडा होता. सपाट रस्त्यावर तुटला म्हणून चालक वाचला, असं त्यानं सांगितलं. वत्सलाबाईनं तुटलेली कड उन्हात धरून पाहिली. लोखंडात आतून बारीक पोकळ्या होत्या. त्याच मालाचे दांडे एकशेचाळीस गाड्यांना बसवलेले होते.

कारखान्याच्या कारभाऱ्याचं म्हणणं पडलं की बोभाटा करू नये. ज्याची गाडी बिघडेल त्याला गुपचूप नवा दांडा बसवून द्यावा. आपणच आपल्या मालाला नावं ठेवली तर उद्या दारात कोण उभं राहील?

वत्सलाबाई म्हणाली, "घाटात दांडा तुटला, तर तो बदलून घ्यायला माणूस उरेल का?"

दुसऱ्याच दिवशी तिनं गावोगाव निरोप धाडले. गाडीत आमच्याकडून दोष राहिला आहे, गाडी परत आणा, नवा दांडा आम्ही बसवून देऊ. बाजारात हसं झालं, पण गाड्या येऊ लागल्या. महिन्याभरात एकशेएकोणचाळीस आल्या. एक काही येईना. पहिल्या मालकानं ती विकून टाकली होती आणि नव्या मालकापर्यंत निरोप पोचलाच नव्हता.

मग वत्सलाबाई त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला आणि एक नवा दांडा बरोबर घेऊन स्वतःच निघाली. तीन गावं पालथी घातल्यावर डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत गाडी सापडली. मागे पंधरा-वीस वऱ्हाडी दाटीवाटीनं बसले होते आणि दौलू नावाचा नवा मालक चावी फिरवायच्या बेतात होता.

तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. दौलू वैतागला. गाडी आजवर कधी कुरकुरली नाही, मुहूर्त टळेल, परवा बघू, असं म्हणून त्यानं गाडी सुरू केली.

वत्सलाबाई गाडीपुढून हलली नाही. "गाडी मी बनवली आहे, दादा. चूक माझी आहे. ती तुमच्या माणसांनी भोगू नये."

नवरीचा आजा मागे बसला होता. तो सावकाश खाली उतरला. "आपलाच माल वाईट आहे हे सांगायला डोंगर चढून आलेलं कुणी मी जन्मात पाहिलं नाही," तो म्हणाला. "ही बाई खोटं कशाला बोलेल?"

त्याच्यामागून सगळेच उतरले.

मिस्त्रीनं गाडीखाली शिरून दांडा सोडवला. एका टोकाला तो निम्मा चिरलेला होता. हातोडीच्या एका घावात दोन तुकडे झाले. दौलूनं ते तुकडे हातात घेतले. समोरच्या घाटातल्या वळणांकडे त्याला पाहवेना.

नवा दांडा बसायला तासभर लागला. सकाळचा मुहूर्त हुकला, दुपारचा धरला, आणि लग्न थाटात लागलं.

पुढे त्या वाडीतल्याच चौघांनी वत्सलाबाईकडून पिकअप घेतल्या. आणखी कुठली गाडी बघायची का, असं कुणी विचारलं तर दौलू एवढंच म्हणे, "बिघाड होण्याआधी दारात येणारी दुसरी कोण आहे, ते सांगा."

तात्पर्य एवढंच: चूक झाकून नाव टिकत नाही, जो ती आपल्या तोंडानं सांगतो आणि आपल्या हातानं निस्तरतो, त्याच्यावरच लोक भरवसा ठेवतात.