सभेची शिळा

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, एक पिसोरी राहत असे. पिसोरी तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. हरणांतले हे सर्वांत चिमुकले हरीण, मांजराहून जरासेच मोठे, आणि इतके लाजाळू की वाळके पान वाजले तरी झुडपात शिरते. या पिसोरीला नुकतेच एक पाडस झाले होते. ते तुमच्या ओंजळीतसुद्धा मावले असते.

त्या वर्षी जंगलाची अवस्था काही बरी नव्हती. अलीकडच्या काठाचे गवत सगळ्यांनी खाऊन खाऊन मुळाशी आणले होते, आणि पलीकडे मात्र हिरवेगार गवत वाऱ्यावर डुलत होते. तेव्हा जंगलाची भरभराट कशी व्हावी हे ठरवण्यासाठी म्हाताऱ्या गव्याने सभा बोलावली. तो सभेचा अध्यक्ष. सांबरे, नीलगाई, वानरे हे सभासद. कोल्हा चिटणीस. शिवाय देशोदेशीची जंगले पाहून आलेला एक करकोचा तज्ज्ञ म्हणून मुद्दाम बोलावला होता.

या सभेची एक जुनी रीत होती. मैदानाच्या मध्यभागी एक उंच शिळा उभी होती. बोलणाऱ्याने तिच्यामागे उभे राहायचे, आणि ज्याचे तोंड शिळेच्या वर दिसेल त्याचेच बोलणे धरायचे. ही रीत कोणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हते. ज्याने घातली त्याची मान लांब असणार, एवढे मात्र नक्की!

करकोचा शिळेमागे उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "सभासदहो, मी नऊ जंगलं पाहिली. जमिनीला विसावा दिल्याशिवाय ती सावरत नाही. आजपासून पाऊस येईपर्यंत अलीकडच्या काठाला चराईबंदी करा. गवताची काडी नाही, झाडाचा पाला नाही, खाली पडलेलं फळसुद्धा नाही. सगळ्यांनी पलीकडे जाऊन चरावं."

"आणि मधला ओढा?" गव्याने विचारले.

"मी स्वतः उतरून पाहिलंय. पाणी गुडघाभर आहे."

"गुडघाभर कसलं, मला तर तेवढंही लागत नाही," एक सांबर मान डोलावत म्हणाले.

पिसोरी सगळ्यांच्या मागे, पाडसाला पोटाशी घेऊन ऐकत होती. योजना तिला मनापासून पटली. गवत पुन्हा वाढले तर उद्या तिच्याच पाडसाला मिळणार होते. पण ओढ्याचे नाव निघाले आणि तिने पाडसाच्या इवल्या पायांकडे पाहिले. लाज बाजूला ठेवून ती शिळेमागे गेली आणि जिवाच्या आकांताने म्हणाली, "महाराज, गुडघा कुणाचा धरलात?"

पण शिळेच्या वर तिचे तोंड कुठले दिसायला! तिने दोनदा उडी मारून पाहिली, तर कानांची टोकेही माथ्यापर्यंत पोचली नाहीत. तिकडे वानरांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता. कोल्ह्याने तिला पाहिले आणि तो हळूच म्हणाला, "बाई, जा बरं जागेवर. लहान तोंडी मोठा घास कशाला?" मग शिळेकडे एकदा बघून त्याने मोठ्याने जाहीर केले, "विरोधात एकही तोंड दिसत नाही. ठराव एकमताने मंजूर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पलीकडे निघून गेले. पिसोरीही पाण्यात उतरली. पहिल्या पावलाला पाणी पोटाला लागले, दुसऱ्याला हनुवटीला. काठावर पाडस थरथरत उभे होते. ती माघारी फिरली.

ओढ्याकाठच्या तिच्या उंबराखाली पिकली फळे टपटप पडत होती. पाडस एक फळ हुंगू लागले, की ती ते नाकाने दूर लोटी. मला तिचे फार वाईट वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही येतो. एक उंबर खाल्ले असते तर काय आभाळ कोसळणार होते? पण ती मनाशी म्हणे, "सगळे नियम पाळताहेत, मग मीच तो कसा मोडू?" तिसऱ्या दिवशी पाडस ढुशा मारमारून थकले. आईच्याच पोटात काही नाही, तर त्याला दूध कुठून मिळणार? शेवटी ते तसेच तिच्या अंगावर मान टाकून निजले. पिसोरी त्याला चाटत राहिली.

त्याच दिवशी संध्याकाळी गवा, करकोचा आणि कोल्हा पाहणी करायला अलीकडे आले. जमिनीतून कोवळे अंकुर वर येत होते. करकोचा आनंदाने म्हणाला, "पाहिलंत? योजना सफल झाली!"

गव्यालाही बरे वाटले. पण उंबराखाली येताच तो थबकला. फळांचा सडा पडला होता, आणि त्यात पोट खपाटीला गेलेली पिसोरी बसली होती.

"अगं पोरी, इथं काय करतेस? पलीकडे का गेली नाहीस?"

पिसोरी अडखळत उठली, ओढ्यात दोन पावले गेली आणि पाणी हनुवटीला लागताच थांबून तिने मागे पाहिले. मग ती पुन्हा पाडसापाशी येऊन बसली.

गव्याचा चेहरा उतरला. "मग निदान ही फळं तरी खायचीस."

"चराईबंदी आहे ना, आजोबा."

"अगं, पण सभेत बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पण शिळेच्या खालून बोलले."

करकोच्याने आपल्या लांब पायांकडे पाहिले. कोल्ह्याने मान खाली घातली. म्हाताऱ्या गव्याने मात्र अवघडलेले गुडघे वाकवले, ते जमिनीला टेकले, आणि आपला भला मोठा कान पिसोरीच्या तोंडाशी नेला. "आता बोल, बाळ. काय विचारलं होतंस?"

"गुडघा कुणाचा धरलात, एवढंच विचारलं होतं."

गव्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने एक पिकले उंबर नाकाने तिच्याकडे सरकवले. "आधी खा."

"आणि नियम?"

"तो करताना आम्ही तुझं ऐकलंच नाही. मग तो तुझ्यासाठी अजून झालेलाच नाही. खा."

पिसोरी खाऊ लागली. थोड्या वेळाने पाडस जागे झाले आणि तिच्या पोटाशी शिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्यांच्या कळपाने शिंगे लावून सभेची शिळा उपटली. ती जेवढी वर होती तेवढीच जमिनीत निघाली. सगळ्यांनी ती ढकलत ढकलत ओढ्यापर्यंत नेली आणि या काठापासून त्या काठापर्यंत आडवी टाकली. करकोचा स्वतः पाण्यात उतरला. त्याने पाडसाला काठावर उभे केले, मान वाकवून त्याचा गुडघा नीट पाहिला, आणि शिळा पाण्याच्या वर आहे ना याची दोनदा खात्री करून घेतली.

त्यानंतर सभेत सगळे खाली बसूनच बोलू लागले, आणि पहिले बोलणे सर्वांत लहानाचे ठरले. पण ते पुढचे. त्या सकाळी सारी सभा काठावर श्वास रोखून उभी होती. पिसोरी पुढे झाली, तिच्यामागून पाडस टुणटुण निघाले, आणि ज्या शिळेच्या वर त्याच्या आईचे तोंड दिसले नव्हते, तिच्यावरून ते खूरही न भिजवता पलीकडच्या गवतात गेले.

तात्पर्य : सर्वांच्या भल्याची योजना आखताना पाणी सर्वांत लहानाच्या गुडघ्याने मोजावे. तो पार झाला, की बाकीचे होतातच.