सरकारांनी दुरुस्त केलेला स्टोव्ह

शेवरी संस्थानच्या राजेसाहेबांना स्टोव्ह दुरुस्तीचा नाद लागला आणि गावात पुन्हा चुली धुमसू लागल्या.

कुणाकडे जुना पितळी स्टोव्ह आहे असं कळलं, की राजेसाहेब तो राजवाड्यात मागवत, बाह्या सरसावून खोलत आणि आरशासारखा लखलखीत करून परत पाठवत. फक्त तो पेटत नसे. पंपातला चामड्याचा वायसर त्यांना कळकट दिसे, म्हणून ते तो काढून फेकत. बर्नरच्या बारीक भोकात पॉलिश जाऊन बसे. पण बोलणार कोण? 'आम्ही दुरुस्त केलेला स्टोव्ह बिघडला म्हणणारा हद्दपार होईल,' अशी दवंडीच पिटली होती. लोक चमकता स्टोव्ह फळीवर मांडत आणि मागच्या दारी चूल फुंकत बसत.

बाजारातल्या जैतुनबीचं दुकान ओस पडलं. नवऱ्यामागं स्टोव्ह दुरुस्तीवरच तिचं घर चाललं होतं. शेवटी ती दरबारात गेली.

"सरकार, तक्रार आहे."

राजेसाहेबांच्या भुवया चढल्या. "आमच्या स्टोव्हची?"

"छे, मुदपाकखान्यातल्या. ते अजून मीच दुरुस्त करते. साऱ्या गावाला सरकारांच्या हातचे स्टोव्ह, आणि सरकारांचा स्वयंपाक मात्र माझ्या हातच्या स्टोव्हवर. मला मेलीला लाज वाटते."

राजेसाहेब खूश झाले. त्याच दुपारी त्यांनी मुदपाकखान्यातले सगळे स्टोव्ह खोलले.

दुसऱ्या दिवशी ते पाटावर बसले, तर चांदीच्या ताटात मीठ, लिंबू आणि चटणी. बाकी ताट मोकळं. त्यांनी दाजीबा आचाऱ्याला हाक मारली.

"जेवण तयार आहे की नाही?"

"आहे सरकार," दाजीबा म्हणाला, "फक्त शिजायचं राहिलंय."

"मग स्टोव्ह पेटव."

"सकाळपासून पेटवतोच आहे."

"म्हणजे बिघडलाय म्हणतोस?"

"मी कुठं तसं म्हणालो? मला बायकापोरं आहेत, सरकार."

भुकेनं राजेसाहेबांचा पारा आणखी चढला. जैतुनबीला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा स्टोव्ह मधोमध चौरंगावर ठेवला होता.

"हे तुझ्यामुळं झालं," राजेसाहेब म्हणाले. "आता ऐक. हा स्टोव्ह बिघडलेला नाही, कारण तो आम्ही दुरुस्त केलाय. तरी पेटत नाही. का, ते सांग. पटलं नाही तर तू आणि दाजीबा, दोघंही आज संस्थानाबाहेर."

दाजीबानं डोळे मिटून घेतले. जैतुनबीनं पंप मारून पाहिला, तो नुसताच आतबाहेर झाला. स्टोव्ह उचलून पाहिला, तर बर्नरच्या भोकात पांढरं पॉलिश गच्च भरलेलं दिसलं. पण ते सांगायची सोय नव्हती. तिनं स्टोव्ह हळूच खाली ठेवला.

"सरकार, यात काही बिघाड नाही. हा अदबीनं वागतोय."

"अदबीनं?"

"पेटला की स्टोव्ह कसा भर्रर्र ओरडतो, सरकारांना ठाऊकच आहे. पण याला प्रत्यक्ष सरकारांचा हात लागला. सरकारांपुढं आवाज चढवायची कुणाची छाती आहे? बिचारा तोंडच उघडत नाही. गावातले सगळेच स्टोव्ह असे शहाणे झालेत."

राजेसाहेब एकदा स्टोव्हकडे बघत राहिले, एकदा तिच्याकडे. मिशीचं टोक थरथरलं.

"मग आता आम्ही याच्या अदबीपायी उपाशी मरायचं?"

"असं कसं, सरकार? घटकाभर माझ्या दुकानात धाडा. बाजारातली जागा, तिथं कुणी कुणाचा मान ठेवत नाही. चांगला उद्धट करून आणते!"

राजेसाहेब असे हसले की ताटातलं लिंबू गडगडत दाजीबाच्या पायाशी गेलं. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी जैतुनबीच्या हातावर ठेवलं.

"ने याला, आणि लवकर आण. आजपासून संस्थानातले सगळे स्टोव्ह तुझ्याकडे. खोलायचे तू," राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "आम्ही फक्त बाहेरून पुसू."