केरबा आणि आतड्याचं मागचं दार

हिंगणवाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. कुणाचं वाईट करायचा नाही. कुणी सांगितलेलं विसरायचा नाही. गावाला खरा ताप या दुसऱ्या गुणाचा होता.

एकदा त्याच्या बायकोला, हौसाला, जुलाब लागले. पायात त्राण राहिलं नाही. केरबानं तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंना समजावून सांगायची भारी आवड.

"हे बघा केरबा, मोठं आतडं अन्नातलं पाणी आणि मीठ अंगात ओढून घेतं. आणि पोटॅशियम नावाचा एक क्षार बाहेर सोडतं. अंगात तो कमी पडला, तर थोडा परतही घेतं. पण जुलाबात तो भसाभसा वाहून जातो. परत घ्यायला आतड्याला सवडच मिळत नाही. म्हणून माणूस गळतो. साखर-मिठाचं पाणी पाजा. आणि गळालेल्याला केळं द्या, शहाळं द्या."

केरबानं मान डोलावली. पाठ केलं. गळालेल्याला केळं, शहाळं.

हौसा बरी झाली. मग केरबाच्या लक्षात आलं की बादलीही गळते. त्यानं भोकात केळं कोंबलं. शेजारच्या गंगूकाकूंचा नळ गळत होता. त्यातही कोंबलं, वरून शहाळं ओतलं. दोन्ही घरांत मुंग्यांची रांग लागली.

हौसा म्हणाली, "अहो, गळालेल्या माणसाला! बादलीला नव्हं!"

"मग तसं सांगायचं," केरबा म्हणाला. मान डोलावली. पाठ केलं. गळालेल्या माणसाला.

पुढं हौसाचे वडील, दौलूमामा, लेकीकडं राहायला आले. त्यांची मूत्रपिंडं कधीची दमलेली. तोंड सुजलेलं, अंगणातून ओसरीवर येईपर्यंत धाप लागायची. हौसा शेतात गेली होती. केरबानं सासऱ्याकडं नीट बघितलं. माणूस होता. गळालेलाही होता. त्यानं केळ्यांची फणी पुढ्यात ठेवली आणि शहाळं फोडलं.

"मन मोठं आहे जावयाचं," मामा म्हणाले. सगळं संपवलं.

दुपार कलली तसे मामांचे हातपाय लुळे पडले. छातीत फडफडायला लागलं. शेतातून परतलेल्या हौसानं रडत रडत रिक्षा आणली.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि मामा सावरल्यावर केरबाला बाहेर घेतलं.

"अहो, मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकतं. यांचं ते काम बंद पडत आलंय. रक्तात क्षार साठला तर काळीज थांबेल! आता बिचारं मोठं आतडं नेहमीपेक्षा जास्त पोटॅशियम बाहेर सोडतंय. म्हणजे पुढचं दार बंद झालंय, सगळं मागच्या दारानं चाललंय. ते मागचं दार तुंबू देऊ नका. सताड उघडं पाहिजे."

केरबानं मान डोलावली. पाठ केलं.

घरी येऊन त्यानं पुढच्या दाराला खिळे ठोकले. मागचं दार नुसतं उघडलं नाही. मामांच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून बिजागरीसकट उपटून चुलीत घातलं. त्या वाटेनं पहिली आत आली ती गंगूकाकूंची म्हैस. तिनं पाटीतली मेथी खाल्ली. मग मामांचं धोतर खाल्लं.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, मागचं दार म्हंजे पोट! माझ्या आप्पांचं पोट साफ राहिलं पाहिजे!"

"मग पोट म्हणायचं. दार कशाला म्हणायचं?"

डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला, की मामांसाठी भाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यावं, क्षार पाण्यात उतरतो. केरबानं पाठ केलं. चहाही पाल्याचाच, म्हणून सकाळी त्यानं तोही भरपूर पाण्यात उकडला. पाणी फेकलं. चोथा बशीत वाढला. मामांनी जावयाचा मान राखून तो चमच्यानं खाल्ला.

शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. मागच्या बाजूनं आल्या, कारण पुढं खिळे होते.

"केरबा, आता दार नाही, घर नाही, सरळ सांगते. मामांना केळी द्यायची नाहीत. शहाळं द्यायचं नाही. पोटॅशियमपासून त्यांना लांब ठेवायचं."

"ते असतं तरी कुठं, बाई?"

"फळांत, बटाट्यात, पालेभाजीत. आपल्या अंगातही भरलेलं असतं. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या."

केरबा दचकला. दोन पावलं मागं सरला.

दुसऱ्या दिवशी हौसा बाजाराला गेली. केरबानं गल्लीत डोकावून बघितलं. जिकडंतिकडं माणसं. सगळी पोटॅशियमनं भरलेली. मामांना वाचवायचं तर माणूस नसेल तिथंच न्यायला हवं होतं. पाठीवर घ्यावं, तर त्याच्याही अंगात तेच. म्हणून त्यानं मामांना हातगाड्यावर चढायला सांगितलं, गाड्याला लांब दोर बांधला आणि लांबूनच ओढत गावाबाहेर नेलं. ओढ्यापलीकडं चिटपाखरू नव्हतं. तिथं इनामदारांची केळीची बाग होती.

हौसा बाजारातून आली तर घर रिकामं. गंगूकाकूंनी ओढ्याकडं बोट दाखवलं. हौसानं वाटेत डॉक्टरीणबाईंची गाडी थांबवली. दोघी बागेत पोचल्या तेव्हा मामा बुंध्याला टेकून बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. भोवती सालींचा खच.

डॉक्टरीणबाईंनी मामांना गाडीत घातलं. दवाखान्यात आधी काळीज सांभाळणारं इंजेक्शन, मग आतड्यातलं पोटॅशियम धरून बाहेर काढणारं औषध. मग मामांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मोठ्या आतड्यानं मूत्रपिंडाच्या वाटणीचंही काम ओढलं. दिवेलागणीला नाडी ठिकाणावर आली. हौसानं पदरानं डोळे पुसले.

मग डॉक्टरीणबाई केरबाकडं वळल्या. तो पोटॅशियमच्या धास्तीनं फाटकापाशीच उभा होता.

"मी स्पष्ट सांगितलं होतं ना, मामांना केळी द्यायची नाहीत म्हणून?"

"मी कुठं दिली, बाई?" केरबा दुखावून म्हणाला. "त्यांनी आपल्या हातानं तोडली. म्हातारं माणूस, हात पुरेना, म्हणून मी नुसता लांबून दोर टाकून घड खाली ओढून धरला."